झिलमिलचा डावा हात

काही दिवसांपूर्वी याच सदरात 'अकोल्याची चालती बाहुली' या मथळ्याखाली एक अनुभव प्रसिद्ध झाला. लेखकाने नाव दिलेले नाही, तरी तो माझा धाकटा भाऊ वसंता आहे हे मी पहिल्याच परिच्छेदात ओळखले. 'अंगावर सर्रकन काटा आला' हे वाक्य तो भाजीच्या भावाबद्दल बोलतानाही वापरतो.

त्या लेखातील बहुतेक प्रत्येक विधान मला नाकारायचे आहे. बाहुली चालली नाही. बाहुलीच्या डोळ्यांतून पाणी आले नाही. दिवे गेले नाहीत. अकोल्यात दिवे जातात, पण त्या संध्याकाळी गेले नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे, वसंता तिथे नव्हताच. तो अमरावतीला आपल्या घरी गुडघ्यांना तेल चोळीत बसला होता. मी हे फोनवर त्याला सुनावले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, बाहुली हालली ना? मंग चालली म्हटलं तं काय बिघडलं?"

"हलताना कुणी पाहिली?"

"कोनी पायली नाही म्हणूनच तं त्याले अमानवीय म्हन्तात!"

अशा साक्षीदारावर कुठलेही न्यायालय विश्वास ठेवणार नाही. मी अमरावतीत उभी हयात दिवाणी वकिली केली आहे. भूतबाधा, करणी, झपाटणे यांवर आपला विश्वास नव्हता, पण आता बसला, असे या सदरातील बहुतेक मंडळी लिहितात. माझा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तरीही एक गोष्ट अशी घडली की जिची उकल मला करता येत नाही. निदान ती गोष्ट कोणती, हे तरी नीट नोंदले जावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझी मुलगी मंजिरी अकोल्याला जठारपेठेच्या बाजूला राहते. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जावई संजय एका कारखान्यात अभियंता आहेत. चाळिशी ओलांडलेली, विद्यार्थ्यांना धाकात ठेवणारी ही बाई बाहुल्या जमवते. साध्या बाहुल्या नव्हेत. तिच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर एक परदेशी कार्टून हिंदीत लागत असे. ताऱ्यांवरून उतरलेल्या सात मैत्रिणी आणि त्यांचे पराक्रम. त्या सातजणींच्या फूटभर उंचीच्या बाहुल्या आता निघतात, निरनिराळ्या पोशाखांत, आणि त्यांचे खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, सारे सांधे माणसासारखे वळतात. 'आर्टिक्युलेटेड' असा त्यासाठी शब्द आहे. मंजिरीकडे त्यांनी एक काचेचे कपाट भरले होते.

त्यांतली तिची आवडती झिलमिल. आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यामुळे झिलमिलचे केस काळेभोर आहेत अशी मंजिरीची लहानपणापासूनची समजूत. इतक्या वर्षांनी कुरिअरने बाहुली आली, खोके उघडले, तर केस निळे! मंजिरीचे तोंड एवढेसे झाले. तेव्हा सुधा, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "असू दे निळे. अंबाडा घातला की काय कळतंय?" आणि खरोखरच तिने त्या बाहुलीचा अंबाडा घातला, आपल्या जुन्या इरकलीच्या काठातून तिला नऊवारी शिवली, आणि तेव्हापासून आई आणि मुलगी या उद्योगात भागीदार झाल्या. सुधा अमरावतीहून महिन्यातून एकदा अकोल्याला जाई ती पिशवीत चिंध्या, लेस आणि बारीक हुक घेऊनच.

मला हा नाद पसंत नव्हता. तसे मी स्पष्ट बोललो होतो आणि आजही माझे मत बदललेले नाही.

गेल्या हिवाळ्यात सुधा गेली.

त्यानंतर मंजिरीने बाहुल्यांच्या कपाटाला हात लावला नाही. माझ्याशी बोले, पण औषधे घेतली का, जेवलात का, एवढेच. अमरावतीला येणे तिने जवळजवळ बंद केले. कोजागिरीच्या सुमारास तिचा फोन आला, "बाबा, मी सगळ्या बाहुल्या देऊन टाकतेय. नागपूरच्या एक बाई आहेत आमच्या ग्रुपमधल्या. गाडी घेऊन येणार आहेत." इतकी वर्षे मी जे सांगत होतो ते ती स्वतःहून करीत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या कपड्यांवरचा प्रत्येक टाका सुधाच्या हातचा होता, आणि तो आता नागपुरातल्या एका अनोळखी कपाटात जाणार होता. शिवाय मला असे दिसत होते की बाहुल्यांबरोबर मंजिरी आणखीही काही बांधून बाहेर काढते आहे, आणि ते एकदा गेले की आम्हा दोघांत बोलण्यासारखे काही उरणार नाही. मी फोनवर फक्त "तुझी इच्छा" एवढेच म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस धरली.

जाताना बरोबर खिरापतीचा डबा घेतला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे या दिवसांत मुली भुलाबाई मांडतात. भुलोजी आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, वर ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव. रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. बंद डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचे. ओळखली नाही तर यजमानीण जिंकली. मंजिरीच्या कॉलनीतल्या मुलींना सुधाची खिरापत कधीच ओळखता आली नव्हती. या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, पण कॉलनीच्या मुलींना खाऊ द्यायला कुठल्या शास्त्राची आडकाठी? सुधाचे माहेर शेंदूरजनाघाटचे. तिच्या भावाने बागेतली पहिली संत्री पाठवली होती. मी लहान लहान फळे निवडली, न सोलता डब्यात बसवली, मध्ये रुमाल कोंबले, म्हणजे डबा कितीही हलवा, आवाज नाही. झाकण घट्ट लावून वरून फडके बांधले. डब्यात काय आहे हे मी कुणालाही सांगितले नाही. बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता आणि अकोल्याला पोहोचल्यावर मी तो माझ्या खुर्चीखाली ठेवला.

कोजागिरीची आदली संध्याकाळ. सहा बाहुल्या बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यांत गेल्या होत्या. झिलमिल तेवढी टेबलावर पडून होती. मंजिरी तिच्याकडे पाहत नव्हती आणि तिला बांधतही नव्हती. तेवढ्यात दारात मुलींचा घोळका आला आणि त्यांतली सर्वांत लहान, स्वरा, रडत होती. मांजरीने भुलाबाई पाडली होती. भुलोजी शाबूत, त्याला त्या उचलून घेऊन आल्या होत्या; भुलाबाईचे मात्र तुकडे. बाजारात आता मूर्ती मिळत नव्हती.

स्वराची नजर टेबलावर गेली. "काकू, हिला बसवू या ना! ही नऊवारी नेसलीय!"

मला वाटले, मंजिरी नाही म्हणेल. तिने स्वतःच पाट आणून मांडला. मग म्हणाली, "बसवा. आजच्या दिवस."

याच वेळी माझी मेहुणी, सुधाची थोरली बहीण कमलताई, वलगावहून आल्या होत्या. दर वर्षी मुलींसाठी आपल्या शेतातले धांडे त्या आणतात. त्यांनी ते दृश्य पाहिले आणि धांडे दारातच टाकले.

"भाऊजी! वरीस व्हायचं आहे अन् तुमी घरात भुलाबाई बसवून राह्यले? तेबी निळ्या केसाची?"

"ताई, भुलाबाई कॉलनीच्या मुलींची आहे. या घराने फक्त जागा दिली आहे."

"कोर्टात सांगा ते. मले नोका सांगू," असे म्हणून त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. ही बाब ध्यानात ठेवावी. बाहुलीच्या अंगावर तेज आले आणि तिचा पदर हलला, असे कमलताई आज सर्व नातेवाइकांत सांगतात. त्या वेळी त्यांच्यासमोर रस्ता आणि एक उभी स्कूटर याखेरीज काही नव्हते.

मुलींनी दारातले धांडे उचलून मांडव उभा केला, पण बाहुली त्यांना पाटावर बसवता येईना. मी म्हणालो, मांडी घालून बसणारी बाहुली जगात नाही. मंजिरी म्हणाली, "ही बसते, बाबा." तेव्हा मीच चष्मा लावून कामाला लागलो. एकेक गुडघा दोनदा वाकतो आणि प्रत्येक वेळी 'कट' असा आवाज येतो.

"आजोबा, तिचे पाय मोडताहेत," स्वरा म्हणाली.

"मोडत नाहीत, वाकताहेत. तू ओरडू नकोस."

अखेर मांडी जमली. दोन्ही हात मी तिच्या गुडघ्यांवर ठेवले, तळवे खाली. संजयरावांनी मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोत धांड्यांच्या मांडवाखाली भुलोजी, शेजारी झिलमिल आणि तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर स्पष्ट दिसतात. हा फोटो मी स्वतः मोठा करून अनेकदा पाहिला आहे.

गाणी सुरू झाली. मी समोर खुर्चीत होतो, संजयराव माझ्या बाजूला, मुली गोल करून टाळ्या वाजवीत. मंजिरी स्वयंपाकघरात गेली ती गाणी संपेपर्यंत बाहेर आली नाही. एवढी वर्षे तिची आई ज्या जागी बसत असे ती जागा पाहणे तिला नको होते, हे मला कळत होते. गाणी संपली तेव्हा मी खुर्चीखालून डबा काढला, वाकून पाटाशेजारी ठेवला आणि परत बसलो. मुलींनी डबा हलवला, कान लावला, पुन्हा हलवला.

"लाडू!"

"नाही."

"चिवडा! शंकरपाळे! आजोबा, रिकामा डबा आणला का तुम्ही?"

"तुमची आजी जिंकायची, आता मीही जिंकणार," मी म्हणालो. खरे तर मी खूश होतो.

"हरलो, हरलो" असा गलका झाला तेव्हा मंजिरी दुधाचे पेले घेऊन दारात आली. तिने डबा हातात घेतला नव्हता, हलवला नव्हता. तिने पाटाकडे पाहिले आणि ट्रे हातात तसाच धरून ती उभी राहिली. संजयरावांनी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला.

"संत्री आहेत," ती म्हणाली. "मामाकडची."

मुलींनी फडके सोडले. एकच ओरडा झाला आणि संत्र्यांवर झडप पडली. माझा हिरमोड झाला होता, म्हणून मी विचारले, "तुला कसे कळले?"

तिने बोट दाखवले. झिलमिलचा उजवा हात गुडघ्यावरच होता. डावा हात वर उचललेला होता, कोपर वाकलेले, मनगट आत वळलेले, आणि बोटे डाव्या कानाला टेकलेली.

मुली गेल्यानंतर मंजिरी जे बोलली, ते तिच्याच शब्दांत देतो. "लहानपणी मी सगळ्यांत धाकटी होते. मला कधीच ओळखता यायचं नाही, मी रडायचे. मग आई मला खूण करायची. कुणाला कळू द्यायची नाही. कानातली कुडी नीट केल्यासारखं करायची, डाव्या कानातली. तसं केलं की डब्यात फळ. गोडाची वेगळी खूण, तिखटाची वेगळी. मोठी झाल्यावरही ती करायची, गंमत म्हणून. आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही, बाबा. मी संजयलासुद्धा सांगितलं नाही."

कमलताईंना मी तिथेच विचारले. त्यांनी कानावर हात ठेवून... नाही, हा वाक्प्रचार मी मागे घेतो. त्यांनी शपथेवर सांगितले की माहेरी अशी काही पद्धत नव्हती. आणि मग लगेच म्हणाल्या, "सुधा आली होती, भाऊजी. हे बाहुली उद्या भुलाबाईसंगं नदीत सोडा. घरात ठेवू नोका." मला हे मान्य नाही. सुधाला काही सांगायचे असते तर तिने मला सांगितले असते.

आता संजयरावांचे म्हणणे. ते शिकलेले असल्यामुळे मी ते लक्षपूर्वक ऐकले. प्रथम ते म्हणाले की उदबत्ती आणि समईच्या उष्णतेने प्लास्टिक सैल झाले असेल. हे टिकत नाही. सैल झालेला सांधा हात खाली सोडतो, वर उचलत नाही. शिवाय हात वर ठेवले की खांदा ढिला होतो म्हणून मंजिरी कुठल्याही बाहुलीचा हात कधी वर ठेवीत नसे, त्यामुळे झिलमिलचे सांधे नव्यासारखे घट्ट होते. मग ते म्हणाले, एखाद्या मुलीने गंमत केली असेल. मी प्रत्येक मुलीला वेगळे बसवून विचारले. स्वराला दोनदा विचारले आणि ती रडायला लागल्यावर तिच्या आईने मला घरी जाण्यास सुचवले. मग ते म्हणाले, संत्र्यांचा वास आला असेल. मंजिरीला त्या आठवड्यात अशी सर्दी होती की तिला फोडणी जळाल्याचे कळत नव्हते.

शेवटी संजयराव शांतपणे म्हणाले, "बाबा, राग मानू नका. डबा ठेवायला तुम्हीच वाकला होतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहुल्या जाऊ नयेत असं तुम्हाला वाटत होतं. चांगल्या मनानंच केलं असेल. आम्ही कुणाला सांगणार नाही."

हा आरोप आज निम्म्या नातेवाइकांत फिरतो आहे, आणि खरे सांगायचे तर वसंताच्या लेखापेक्षा मला तोच अधिक लागला. मी त्याचे रीतसर उत्तर देतो. हेतू होता, नाकारीत नाही. संधी होती; तीही नाकारीत नाही, जरी माझे दोन्ही हात डब्यात गुंतलेले होते आणि एकेक सांधा वळवायला मला चष्म्यासकट दोन्ही हात लागतात. परंतु ती खूण मला माहीत नव्हती. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नव्हती हे माणसाने सिद्ध कसे करावे?

माझ्यापाशी एकच पुरावा होता आणि तो मी मोठ्या विश्वासाने मांडला. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका भुलाबाईच्या संध्याकाळी मी पाहिले होते की सुधा सारखी कानातल्या कुडीशी चाळा करते आहे. फिरकी सैल झाली असेल, कुडी हरवेल, म्हणून मी ती दुसऱ्या दिवशी सराफाकडे नेली. सराफ म्हणाला, "वकीलसाहेब, ही तर घट्ट आहे." मी त्याच्याशी वाद घालून नवी फिरकी बसवून घेतली. घरी आलो तर सुधा पदराआड हसत होती. का हसते म्हणून विचारले, तर म्हणाली, "काही नाही. बरं झालं, आता पडायची नाही." ज्याला खूण माहीत आहे तो मनुष्य सराफाकडे कशाला जाईल?

संजयराव म्हणाले, "म्हणजे बाबा, खूण तुम्ही पाहिली होती."

 साक्षीदाराने आपल्याच वकिलाचा खटला बुडवावा तसे झाले. पाहिली होती, हे खरे. समजली नव्हती. पण डोळ्यांनी जे पाहिले आणि डोक्याला जे कळले नाही, ते हातांना ठाऊक असू शकते का? वाकताना, डबा ठेवताना, माझ्या हातांनी माझ्या नकळत...? मग सांध्यांचा 'कट' मला ऐकू का आला नाही? टाळ्या थांबल्या होत्या. समोर बसलेल्या इतक्या मुलींपैकी एकीनेही ते का पाहिले नाही? मी अनेकदा आरशासमोर उभा राहून वाकून पाहिले आहे. मला काहीही आठवत नाही. आणि मंजिरीने 'फळ' न म्हणता 'मामाकडची संत्री' कसे म्हटले, हे तिलाही सांगता येत नाही. "तोंडातून आलं," एवढेच ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बाई आल्या. मंजिरीने त्यांना चहा दिला, संत्री दिली, खोकी उघडून एकेक बाहुली दाखवली, प्रत्येकीचा कुठला पोशाख आईने कधी शिवला ते सांगितले, आणि सगळ्या परत कपाटात ठेवल्या. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला गाडीत बसतानाच वाटलं होतं." झिलमिल नदीत गेली नाही. विसर्जन फक्त मातीच्या भुलोजीचे झाले, आणि कमलताई माझ्याशी अद्याप बोलत नाहीत.

मंजिरी मात्र बोलते. हल्ली दर रविवारी फोन येतो, आणि तो औषधांपुरता नसतो. मागच्या खेपेला मी अकोल्याला गेलो तेव्हा झिलमिल कपाटात मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे खाली, मी बसवली होती तशीच बसलेली होती. मंजिरीने तिला मुद्दाम तशी ठेवली आहे. मी म्हणालो, "कानाची खूण फळाची. मग गोडाची कोणती, तिखटाची कोणती?"

"ते आमचं दोघींचं आहे, बाबा."

"बरे. निदान एवढे तरी सांग. हात असे गुडघ्यांवर ठेवले, तळवे खाली, तर त्याचा काही अर्थ होतो का?"

तिने बाहुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि सुधा गेल्यापासून प्रथमच ती मोठ्याने हसली. पदर नव्हता म्हणून तोंडावर हात धरून, पण हुबेहूब सुधा हसायची तशीच.

"काय अर्थ होतो?"

"काही नाही," ती म्हणाली.

ते हात मी स्वतः ठेवले होते, भर उजेडात, साक्षीदारांसमोर, फोटोसकट. माझ्या हातून त्या बाहुलीने काय सांगितले, ते मला आजही माहीत नाही.